आवाज आहे, चित्र नाही: जुना टीव्ही, कॅसेटी आणि घरचा मीडिया सर्व्हर कमी खर्चात (इंदूर)

रामबागकर

मंडळी, तीन कामं एकमेकांत अडकली आहेत, म्हणून एकच धागा काढतोय.

पहिलं काम टीव्हीचं. बाबांच्या खोलीतला बत्तीस इंची एलईडी टीव्ही. आवाज येतो, रिमोटने चॅनल बदलतं, चित्र मात्र नाही. सर्व्हिस सेंटरवाल्याने दारातूनच "पॅनल गेलं" म्हणून सांगितलं आणि जो आकडा बोलला त्यात नवा टीव्ही येईल. पाठीमागचं झाकण त्याने उघडलंसुद्धा नाही.

दुसरं, बुटांच्या खोक्यांत भरलेल्या कॅसेटी. आजोबांची कीर्तनं, वाड्यातल्या गणपतीत झालेली गाणी, आत्याच्या लग्नाची व्हीएचएस, आणि नंतरच्या काळातल्या थोड्या मिनीडीव्ही (कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल कॅसेटी). यातलं एकही कुठल्या ओटीटीवर सापडणार नाही आणि टेप काही तरुण होत नाही.

तिसरं काम त्यातल्या त्यात मजेचं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेलला अधिकृतपणे हात लावत नाही. त्यामुळे ऑफिसांतून डिक्शनरीएवढे छोटे कॉम्प्युटर ढिगाने बाहेर पडतायत. त्यातलाच एक आय५-६५००टीवाला डबा घेतलाय, ८ जीबी रॅम. त्यावर डेबियन (फुकटातलं लिनक्स) टाकून जेलीफिन, म्हणजे आपले व्हिडिओ-गाणी घरातल्या टीव्ही-फोनवर दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवायचं, कॅसेटी डिजिटल करून त्यात भरायच्या आणि बाबांना त्यांच्याच टीव्हीवर दाखवायच्या, असा बेत आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग बडवा. पैसे घालायचे ते डिस्कवर आणि विजेच्या बंदोबस्तावर. बाकी सगळं सेकंडहँड, दुरुस्त केलेलं, कोणाच्या माळ्यावरचं चालतं. लोक उलटं करतात. चकाचक नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायची तयार डिस्क-पेटी) घेतात आणि आत आहे ती एकुलती एक डिस्क.

आता बोला.

फ्यूजवायर

टीव्ही-रेडिओ दुरुस्तीत हयात गेली, म्हणून टीव्हीचं मी बोलतो.

पॅनल गेलेलं नाही. निदान अजून तसं म्हणायचं कारण नाही. रात्री खोलीत अंधार करा, टीव्ही लावा, मोबाइलची टॉर्च पडद्याला अगदी चिकटवून तिरकी धरा. आत पुसट माणसं हलताना दिसली तर पॅनल जिवंत आहे, मागचा उजेड गेलाय. याला आम्ही बॅकलाइट गेली म्हणतो. एलईडी टीव्हीत सर्वांत जास्त येणारा हाच आजार आहे.

होतं काय, तर मागे पट्ट्यांवर एलईडी बसवलेले असतात आणि ते एकामागोमाग एक, सिरीजमध्ये. एक आतून तुटला की अख्खी माळ विझते. ड्रायव्हर, म्हणजे माळेला करंट देणारं सर्किट, व्होल्टेज चढवून बघतो, करंट जात नाही म्हटल्यावर प्रोटेक्शनमध्ये जातो. म्हणून कित्येकदा चालू करताना क्षणभर पडदा उजळतो आणि मग काळोख. तुमचा तसं करतो का बघा.

आता उघडायचं कसं. प्लग भिंतीतून काढा, नुसता रिमोटने बंद करून भागत नाही. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी बसलेले असतात (२३० गुणिले १.४१). ते प्लग काढल्यावरही राहू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवणारे बहाद्दर मी पाहिलेत. तुम्ही तसं करू नका. होल्डरला दोन वायरी लावून त्यात १०० वॅटचा तारेचा बल्ब बसवा आणि त्या वायरी कपॅसिटरच्या पायांना टेकवा. मग मीटर लावून शून्य झालंय याची खात्री करा.

खरं जोखमीचं काम पुढे आहे. पडदा गादीवर उपडा ठेवायचा, पॅनल उचलायला दोन माणसं हवीत. पॅनलच्या कडेला पातळ तपकिरी पट्ट्या दिसतील, त्यांवर चिप असते. त्या दुमडल्या की पडद्यावर उभ्या रेघा येतात, आणि मग सर्व्हिस सेंटरवाला खरा ठरतो. आतले पांढरे कागद ज्या क्रमाने निघतील त्याचा फोटो काढा आणि ते सरळ कागदावरच आडवे ठेवा. त्यांवर बोट उमटलं तर रोज रात्री बातम्या देणाऱ्या बाईच्या गालावर ते दिसेल.

पट्टीवर छापलेला नंबर, भिंगांची संख्या आणि एलईडी ३ व्होल्टचा की ६ व्होल्टचा, हे तीन लिहून घ्या. दुकानात नुसतं "बत्तीस इंची द्या" म्हणालात तर तो जे हातात येईल ते देईल.

देवासनाका

काका, एवढा खटाटोप कशाला? मेलेला एलईडी टेस्टरने शोधा, त्याच्या दोन टोकांवर सोल्डरचा थेंब टाका. माळ जोडली जाते, टीव्ही चालू. माझा असाच चालून राहिलाय, वरच्या कोपऱ्यात जरा सावली दिसते इतकंच.

फ्यूजवायर

चालतो, नाही कोण म्हणतंय. ड्रायव्हर ठरावीक करंट देणारा असतो, एक एलईडी कमी झाला तर तेवढे व्होल्ट तो कमी करतो. पण बाकीच्यांनीही तितकीच वर्षं तितकीच उष्णता खाल्लेली आहे. एक गेला म्हणजे दुसरा रांगेत उभा आहे. दरवेळी पॅनल उचलायचं आणि दरवेळी त्या तपकिरी पट्ट्यांचा जीव मुठीत धरायचा. एवढं उघडलंच आहे तर सगळ्या पट्ट्या बदला. पट्ट्यांचा सेट टीव्हीच्या मानाने किरकोळ पैशांत येतो.

आणि बदलल्यावर मेनूत जाऊन बॅकलाइट निम्म्याच्या आसपास आणा. दुकानातून येतो तेव्हा तो शंभरावर असतो, कारण शोरूमच्या ट्यूबलाइटांत उठून दिसावा म्हणून. घरी कशाला हवा तो उजेड? करंट कमी तर उष्णता कमी, आणि एलईडीला उष्णताच मारते.

मोरसलीगल्ली

बाजाराचं माझ्याकडून: सुटे भाग, सोल्डर, कपॅसिटर, पट्ट्या यासाठी महाराणी रोड. कॉम्प्युटर, रॅम, डिस्क, जुने ॲडाप्टर यासाठी आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल. जेल रोडला मोबाइलवाल्यांकडे फ्लक्स, डिसोल्डरिंग विक, पातळ टोकाच्या इस्त्र्या चांगल्या मिळतात. जाताना जुनी पट्टी हातात घेऊन जा. "भिया, ऐसीच चाहिए" एवढं बोललं की काम झालं.

शंकासुर

नवशिक्याचा प्रश्न. माझ्याकडे दुसऱ्या पिढीचा आय५ डेस्कटॉप धूळ खात पडलाय. फुकट आहे. तोच का लावू नये? रामबागकरांनी पैसे देऊन वेगळा डबा का घेतला?

रामबागकर

विजेमुळे. आणि ही गोष्ट मध्य प्रदेशात राहणाऱ्याने वहीत मांडूनच बघावी.

माझ्या मोजणीत हा छोटा डबा रिकामा बसलेला असताना १२ वॅटच्या आसपास घेतो. १२ गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे महिन्याला ८.६ युनिट. जुना डेस्कटॉप काहीही न करता सहज ६५ वॅट खाऊ शकतो. तो झाला ४७ युनिट.

आता आपल्याकडची सवलत आठवा. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये. आमच्या घरी हिवाळ्यात १३० च्या आसपास येतं. डबा लावला तर १३९, सवलत शाबूत. डेस्कटॉप लावला तर १७७, सवलत गेली, आणि जादा युनिटांचे पैसे वेगळे. 'फुकट' मशीन दर महिन्याला स्वतःची किंमत वसूल करतं. आई वीज बिल हातात धरून उभी राहिली की तिला जेलीफिनचे फायदे कोण सांगणार?

उन्हाळ्यात कूलर-एसीने १५० पार होतंच, तेव्हा हा हिशोब लागू नाही. पण उरलेले महिने आहेत ना.

लष्करकर

ग्वाल्हेरहून. आमच्याकडे उन्हाळ्यात १५० चा विषयच काढू नका. 😄

शंकासुर, विजेखेरीज आणखी एक कारण आहे. इंटेलमध्ये व्हिडिओसाठी वेगळा भाग असतो, क्विक सिंक. तो दुसऱ्या पिढीतही आहे, पण एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) त्याला कळत नाही. सहाव्या पिढीला ८ बिटचं एचईव्हीसी कळतं, १० बिटचं नीट हवं तर सातवी पिढी. आज मोबाइलवर काढलेले व्हिडिओ बरेचदा एचईव्हीसीच असतात, त्यामुळे घरच्या व्हिडिओंसाठीसुद्धा हा फरक पडतो.

रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरबद्दल कोणी विचारेलच, म्हणून आधीच सांगते. पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअर नाही, आणि एच.२६४ (एचईव्हीसीच्या आधीची, सगळीकडे चालणारी पद्धत) डीकोड करणारंही नाही. फाइल आहे तशी टीव्हीला पाठवायची असेल तर पाय चालेल. वाटेत बदलून द्यायची असेल तर दम लागतो. वर ॲडाप्टर, डबी, कार्ड धरून किंमत जुन्या ऑफिसच्या मशीनच्या आसपास जाते. त्यापेक्षा रामबागकरांचा डबा बरा.

जेलीफिन घेतलंत ते योग्य केलंत. एम्बी या तशाच मीडिया सर्व्हरने आपला कोड बंद केला तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही लोकांनी त्यातून फुटून हे काढलं. कुठल्या कंपनीकडे खातं नाही, वर्गणी नाही, आणि इंटरनेट बंद असलं तरी घरातल्या घरात लॉग-इन होतं. प्लेक्स हा दुसरा मीडिया सर्व्हर दिसायला गुळगुळीत आहे, पण २०२५ पासून घराबाहेरून बघायचं तर पैसे मोजावे लागतात.

सगळ्यात मोठा सल्ला: सर्व्हरला राबवायचंच नाही. टीव्हीला जे समजतं त्याच रूपात फाइल ठेवा, म्हणजे चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी, एमपी४ फाइलमध्ये. मग सर्व्हर नुसता फाइल उचलून देतो, प्रोसेसर दोन-चार टक्क्यांवर. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर कोण काय बघतंय ते दिसतं, तिथे 'डायरेक्ट प्ले' लिहिलेलं असलं की निश्चिंत झोपा.

आणि मराठी उपशीर्षकं लावणार असाल तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाका, नोटो सॅन्स देवनागरी चालेल. उपशीर्षक चित्रावर छापून पाठवायची वेळ आली आणि फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी चौकोन येतात. आमच्याकडे आजींनी कीर्तनाच्या व्हिडिओखाली ते चौकोन बघून विचारलं होतं, "हे कुठल्या लिपीत आहे गं?"

रामबागकर

ताई, फॉन्टचं लक्षातच आलं नसतं. लायब्ररीचा प्रकार कोणता ठेवू? 'मूव्हीज' ठेवलं तर आजोबांच्या कीर्तनाला ते कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवून मोकळं होतं.

लष्करकर

'होम व्हिडिओज अँड फोटोज' ठेवा. ते बाहेरून माहिती शोधायला जातच नाही, फोल्डरची नावं जशीच्या तशी दाखवतं. फोल्डर देवनागरीत ठेवा, लिनक्सला काही अडचण नाही. फक्त सालाचा आकडा आधी लिहा, म्हणजे क्रम आपोआप लागतो: '१९८७ गणपती रामबाग' असं. आणि सगळीकडे एकाच लिपीतले आकडे वापरा, देवनागरी तर देवनागरी. मिसळलेत तर क्रमाची खिचडी.

दांडियाबाजार

वडोदऱ्याहून नमस्कार. टीव्ही आणि सर्व्हर तुम्ही लोकांनी वाटून घेतलात, कॅसेटी माझ्या.

प्लेयर आधी. जुना डेक माळ्यावरून काढून थेट कॅसेट घालू नका. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत एक तर सैल झालेला असतो, नाहीतर वितळून डांबर झालेला असतो. ते डांबर बोटाला लागलं की साबणाने जात नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातं. पट्टा बदला, मग त्याच अल्कोहोलने कापूस भिजवून हेड पुसा. तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत पुसायचं. टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलरही पुसा, कारण टेप गिळण्याचं पाप बहुतेक वेळा त्याचंच असतं.

आता एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. कॅसेटच्या तोंडाशी, टेपच्या मागे, एका छोट्या पत्र्यावर नखाएवढा नमद्याचा तुकडा असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटींत त्याचा गोंद वाळतो आणि तो तुकडा आत कुठेतरी पडलेला असतो. मग आवाज कोंडल्यासारखा येतो, आणि लोक म्हणतात टेप खराब झाली. टेप ठणठणीत असते! भंगार कॅसेटमधला पत्रा काढून इथे बसवा, आवाज लख्ख येतो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर सोपं. चिकटवलेली, बिनस्क्रूची असेल तर पात्याने सांध्यावर हळूच फोडायची आणि दोन्ही चकत्या टेपसकट उचलून स्क्रूवाल्या रिकाम्या कवचात ठेवायच्या. टेबलाजवळचा पंखा बंद करून.

तरीही आवाज बसकाच वाटला तर ॲझिमुथ, म्हणजे टेपवर हेड किती तिरकं बसलंय, ते बघा. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी थोडा-थोडा फिरवा आणि टाळांकडे कान द्या. टाळ जिथे सर्वांत चकचकीत वाजतील तिथे थांबा. कीर्तनाच्या कॅसेटींना ही सोय फार छान आहे, टाळ असतातच.

कॉम्प्युटरला जोडताना निळ्या भोकात, म्हणजे लाइन-इनमध्ये. गुलाबी माइकचं आहे, तिथे आवाज फाटतो आणि बऱ्याचदा दोनाचा एक चॅनल होतो. लॅपटॉपला किंवा तुमच्या त्या छोट्या डब्याला निळं भोक नसतं, तेव्हा लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पातळी लाल होऊ देऊ नका, थोडी खालीच ठेवा. खालची नंतर वर करता येते, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

आणि घाई नाही. सी-९० म्हणजे नव्वद मिनिटं, ती नव्वद मिनिटांतच उतरणार. स्वयंपाक करता करता लावून द्या.

शंकासुर

जागा किती लागते याला? दहा-वीस टीबीची डिस्क घेऊ का?

दांडियाबाजार

अहो, कशाला! नव्वद मिनिटांची कॅसेट बिनदाबलेल्या वेव्हमध्ये साधारण ९५० एमबी, फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता दाबलेली फाइल) त्याच्या निम्म्याच्या आसपास. शंभर कॅसेटी म्हणजे ५० जीबी. मिनीडीव्ही तेवढी खादाड आहे, तासाला १३ जीबी. पण ती जुन्या फायरवायरनेच (कॅमेऱ्याची डिजिटल केबल) काढा. टेपवर मुळातच डिजिटल आहे, फायरवायरने जशीच्या तशी प्रत मिळते. पिवळ्या ॲनालॉग व्हिडिओ वायरने काढलीत तर डिजिटलचं ॲनालॉग करून परत डिजिटल, उगाच द्राविडी प्राणायाम.

व्हीएचएसला मात्र पिवळी वायर आणि कॅप्चर डोंगल (चित्र कॉम्प्युटरात घेणारं यूएसबी यंत्र), इलाज नाही. आपलं सगळं पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रं, ७२० बाय ५७६. डोंगलच्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) निवडलेलं असतं, ते आधी बदला, नाहीतर आत्याचं लग्न लटपटत येईल. मूळ कॅप्चर तसंच ठेवा आणि बघायची प्रत करताना डीइंटरलेस करा (एकाआड एक ओळींत आलेलं चित्र सलग करा), म्हणजे हललेल्या हातांना कंगव्याचे दात दिसत नाहीत.

एक ताकीद. व्हीएचएसच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडला लागते आणि मग पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आमच्याकडच्या पावसाळ्यात हे फार. तुमच्या माळव्यात हवा कोरडी, बहुतेक वाचला असाल.

देवासनाका

माझ्याकडे मामांनी केलेलं घरगुती बैठकींचं रेकॉर्डिंग आहे, सत्तरच्या दशकातलं. ऐकण्यासारखी माणसं आहेत त्यात, नावं घेत नाही. डिजिटल करून यूट्यूबवर टाकावं का? निदान लोकांना तरी कळेल.

लष्करकर

घरात ऐकायला, जपायला प्रत करणं वेगळं आणि जगापुढे मांडणं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला जागा आहे. यूट्यूब खासगी नाही. गायकाचा कलाकार म्हणून वेगळा हक्क असतो, तो ५० वर्षांचा. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं असेल तर त्यावरचा हक्क ६० वर्षांचा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, घरगुती बैठकीत माणूस मोकळा गातो, मध्येच चहा मागतो, कोणाबद्दल दोन शब्द बोलतो. त्यांच्या घरच्यांना आधी ऐकवा. त्यांनी हो म्हटलं तर पुढचं.

फ्यूजवायर

शंभर टक्के सहमत. अशी एक टेप एका घरात भांडण लावून गेलेली मला ठाऊक आहे.

रामबागकर

डिस्कबद्दल माझं राहिलंच होतं. मी काय करतोय ते लिहितो.

जुनी डिस्क घेताना दुकानातच लॅपटॉपला लावून 'स्मार्ट' आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघायचे. ५ नंबर (बदललेले सेक्टर), १९७ (अडलेले) आणि १९८ (वाचता न येणारे), या तिन्हींचा मूळ आकडा शून्य हवा. किती तास चालली हेही असतं, पण ते शून्यावर आणणारे महाभाग आहेत, त्यामुळे त्यावर विसंबत नाही. घरी आणून लांबलचक स्व-चाचणी रात्रभर चालवायची, मगच त्यावर डेटा.

एसएमआर डिस्कला (हिच्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात) लोक नाकं मुरडतात. रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवताना) किंवा सारखं पुसून लिहायला ती खरंच रडवते. पण एकदा लिहिलं आणि वर्षानुवर्षं वाचलं, अशा कामाला तिचं काही बिघडत नाही, आणि स्वस्त पडते.

बॅकअपला मात्र जुनी नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी बाहेरची प्रत पुण्याला बहिणीकडे आहे, साध्या यूएसबी डिस्कवर. दिवाळीत येते तेव्हा घेऊन येते, नवं भरून परत. आणि सिनेमे-मालिका मी बॅकअपमध्ये घेतच नाही. ते गेले तर पुन्हा मिळतील. कीर्तन मिळणार नाही.

विजेचं म्हणाल तर साधा यूपीएस, जुन्या दुकानातून, आत नवी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस.

शंकासुर

बहीण पुण्याहून बघू शकते का? मी घरी पोर्ट फॉरवर्ड करून (राऊटरमधून बाहेरच्यांसाठी वाट उघडून) पाहिलं, काही केल्या बाहेरून उघडत नाही.

लष्करकर

राऊटरच्या पानावर 'वॅन आयपी' (कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता) काय दिसतो ते बघा. १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कंपनीने अनेक घरं बसवलेली असतात. तिथे पोर्ट उघडून उपयोग नाही, बाहेरच्याला तुमचं दारच दिसत नाही.

खरं तर उघडूही नका. टेलस्केल टाका, सर्व्हरवर आणि बहिणीच्या फोनवर; ते दोघांमध्ये इंटरनेटवरून खासगी बोगदा काढतं. आत वायरगार्ड हे व्हीपीएन चालतं, सीजीनॅटला बगल देतं, आणि जेलीफिनचं ८०९६ पोर्ट जगासमोर उघडं राहत नाही. ती तिच्या ॲपमध्ये सर्व्हरचा टेलस्केलवाला पत्ता घालेल, बस. फक्त तुमच्याकडचा अपलोड वेग बघा. डाउनलोड १०० आणि अपलोड ५ असा प्लॅन असेल तर कीर्तन ऐकू येईल, लग्नाचा व्हिडिओ मात्र गचके खाईल.

रामबागकर

अपडेट. अंधारात टॉर्च लावून बघितलं. फ्यूजवायर काका, पुसट चित्र दिसतंय! बाबांनीच आधी ओळखलं, क्रिकेट चालू होतं. महाराणी रोडवर पट्ट्यांचा सेट मिळाला, नंबर आणि भिंगं जुळवून. पॅनल उचलायला शेजारच्या दादाला बोलावलंय, सुट्टीच्या दिवशी करू.

जुन्या पट्ट्या आणि एका मेलेल्या लॅपटॉपची फुगलेली बॅटरी कुठे टाकायची ते मात्र शोधावं लागलं नाही. आपल्या कचरागाडीला ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहेच. बॅटरी पिशवीत न कोंबता गाडीवाल्याला सांगून हातात दिली.

आता पुढचा प्रश्न. पट्ट्या बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही उलटंसुलटं झालं असेल तर पॉवर सप्लाय उडू नये, यासाठी काय करू?

फ्यूजवायर

सिरीज बोर्ड. टीव्हीच्या फेज वायरीत मध्ये एक बल्ब घालायचा, म्हणजे सगळा करंट बल्बातून जाईल. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटलेलाच राहतो आणि टीव्ही वाचतो. मग प्लग काढून शोधा. बॅकलाइट पूर्ण लागली की टीव्ही जास्त करंट मागेल आणि कधी कधी बंद-चालू करेल, त्याला घाबरू नका. याचा अर्थ शॉर्ट नाही, बल्ब काढून थेट लावा.

रामबागकर

घरी सगळे एलईडी बल्बच आहेत. ९ वॅटचा लावला तर चालेल?

फ्यूजवायर

नाही. तारेचाच हवा, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी बल्बच्या आत स्वतःचं सर्किट असतं, तो काय दाखवेल सांगता येत नाही. महाराणी रोडवर विचारा, आतल्या एखाद्या दुकानात अजून निघतो. दोन घ्या.